सुशीला, तुझं नाव मी उसवलं

सुशीला, आधी बातमी देते, मग बाकीचं बोलते. तुझं नाव मी उसवलं. शाळेच्या हापिसात, सगळ्या मास्तरांच्या देखत, हेडमास्तरांच्या टेबलाशी बसून उसवलं. सुई माझी होती, ब्लेड इस्माईलभाई शिपायाचं. शिवणाच्या बाई रडत होत्या, "आक्का, गेलेल्या माणसाचं नाव कुणी उसवतं का हो?" मी म्हटलं, "मी उसवते की." आणि उसवलं. तुला राग आला असला तर येऊ दे. पण आधी पुरतं ऐकून घे. समोरच्याचं पुरतं झाल्याशिवाय मध्ये तोंड घालायचं नाही, हे तूच शिकवलंस ना सगळ्यांना?

शाळेच्या फाटकाच्या आत मी तुला बाई म्हणायची, अहोजाहो करायची. फाटकाबाहेर पडलं की तू सुशीला. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. आता तू कुठल्या फाटकाच्या आत आहेस ते मला ठाऊक नाही, म्हणून तूच म्हणते.

तुझ्या शोकसभेला मी गेले होते. मागं, पोरांच्या रांगेत बसले. एकेक मास्तर उठून बोलत होता. शांत स्वभाव, सोशिक वृत्ती, कधी कुणाला दुखावलं नाही. मी इकडंतिकडं बघितलं, म्हटलं दुसऱ्याच कुणाच्या शोकसभेला आले की काय! सोशिक म्हणे. ज्या बाईनं हेडमास्तरांना त्यांच्याच हापिसात "सर, जरा गप्प बसता का?" म्हटलं, ती सोशिक? माणूस गेलं की लोक त्याला लगेच धुऊन, इस्त्री करून ठेवतात. मी नाही ठेवणार. तू भांडखोर होतीस, आणि भांडखोर होतीस म्हणूनच आमची गिरिजा शाळेत आहे.

तू पहिल्यांदा आमच्या दारात आलीस ती शाळेत न जाणाऱ्या पोरांची नावं लिहून घ्यायला. मी पडवीत चादरीच्या दशांना गाठी मारत बसले होते. माझा भाऊ आणि भावजय दोघं मागावर जातात, म्हणून त्यांची गिरिजा दिवसभर माझ्यापाशी. हातपाय ताठर, मान डुलती, तोंडातून आवाज निघतो पण शब्द नाही. येणारा-जाणारा तिच्याकडं बघून चकचक करायचा. कुणी अंगारा द्यायचं, कुणी अक्कलकोटचा वैद्य सांगायचं. तू मात्र हातातली पेन्सिल तिच्याकडं दाखवून विचारलंस, "ही कितवीत?"

मी म्हटलं, "अहो बाई, ही कुठली कितवीत? हिला बोलता येत नाही."

"बोलता येत नाही, की आपल्याला ऐकता येत नाही?"

मला लई राग आला. दारात उभी राहून कोण कुठली मास्तरीण मला शिकवते! पण गिरी हसली. खुदकन नाही, चांगली खिदळली. बसल्या जागेवरून घसरली. तू पेन्सिल कानावर खोवलीस, तिला उचलून बसवलंस आणि म्हणालीस, "उद्या हिला घेऊन या." जणू त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

हेडमास्तरांना होतं ना विचारण्यासारखं. "बाई, ही शाळा आहे, दवाखाना नाही." त्यावर तू म्हणालीस, "म्हणूनच इथं आणलंय सर. दवाखान्यात बाराखडी शिकवत नाहीत." आणि तिला पहिल्या बाकाला टेकवून बसवलंस, माझ्या लुगड्याच्या पट्टीनं बाकाला बांधून, पडू नये म्हणून.

तेव्हा दुष्काळ होता. शाळेत पोरांना सरकारची सुकडी मिळायची, गोड पिठाची. गिरी सुकडी बघितली की दात आवळायची. मास्तर म्हणायचे, हट्टी आहे, माजलीय. मीसुद्धा नाक दाबून भरवायची, पोटात जायला पाहिजे ना काहीतरी. तू एक दिवस माझ्याकडं चादरीचा तुकडा मागितलास. मी मागावरचा विणीत चुकलेला एक आणून दिला, जाडजूड, धुतला तरी मरणार नाही असा. मुंबईला एका दवाखान्यात तू एका मुलाच्या मांडीवर चित्रांची लाकडी पाटी बघितली होतीस. तो चित्रावर हात ठेवायचा, समोरचा समजून घ्यायचा. गिरीची मान मध्येच पुढं आपटते, लाकूड लागेल, म्हणून तुझी पाटी कापडाची. तुकड्यावर घरं आखलीस आणि घराघरात रंगीत चिंध्यांची चित्रं शिवायला बसलीस.

हेडमास्तर म्हणाले, "पाणी, जेवण आणि लघवी. तीन चित्रं पुरेत की."

तू पहिलं घर शिवलंस ते लाल तळव्याचं. नको.

दुसऱ्या दिवशी सुकडीची वाटी आली. गिरीची मूठ हलायला लागली, इकडं गेली, तिकडं गेली, हवेतच अडकली, आणि शेवटी त्या लाल तळव्यावर येऊन पडली. तू वाटी उचललीस आणि बाजूला ठेवलीस. एवढंच. गिरी आधी वाटीकडं बघत राहिली, मग तुझ्याकडं. तिच्या जन्मात पहिल्यांदा तिनं म्हटलेलं काहीतरी झालं होतं.

हेडमास्तर म्हणाले, "पण बाई, सुकडी पौष्टिक असते."

"असेल. पण ती नको म्हणाली."

त्यानंतर फडकं वाढत गेलं. आई, आक्का, बाई. आईच्या घरात चिमुकला माग, माझ्या घरात चादरीच्या दशा, तुझ्या घरात चष्मा. घर, शाळा, दवाखाना. कुठं? का? कंटाळा आला. आणि गिरीनं बाकावरच्या पोरीशी भांडताना जे डोळे वटारले होते त्यावरून तू शिवलेलं ते वटारल्या डोळ्यांचं काळं तोंड. 'जा मेल्या.' हेडमास्तरांचा चष्मा नाकावर आला. "शाळेत शिवी? तीही शिक्षिकेनं शिवून दिलेली?" तू म्हणालीस, "बाकीची पोरं तोंडानं देतात सर, त्यांना आपण शाळेतून काढत नाही."

आता आपल्या भांडणाचं बोलते, कारण ते अर्धंच राहिलंय. मी तुला म्हणायची, हे फडकं मास्तरांसाठी ठीक आहे, मला कशाला? आमच्या मागाच्या खडखडाटात कुणाला कुणाचं ऐकू येतं? सुताची कांडी संपली तर एक बोट, मालक आला तर भुवई. आयुष्य गेलं आमचं असं बोलण्यात. गिरीच्या पापणीवरून मला कळतं तिला काय पाहिजे ते.

तू शांतपणे म्हणायचीस, "तुम्हाला कळतं हो आक्का. पण तुमच्यानंतर कुणाला कळणार?"

दर वेळी तेच. तुमच्यानंतर कुणाला कळणार. मी चिडायची, "माझ्या मरणावर टपलीस का गं?" तू हसायचीस. "एकाच माणसाला समजतं त्याला बोलणं म्हणत नाहीत आक्का. इस्माईलभाईला समजलं पाहिजे, निंबाळकर मास्तरांना समजलं पाहिजे, रस्त्यावरच्या बोरंवालीला समजलं पाहिजे." माझ्यानंतर, माझ्यानंतर करत राहिलीस, आणि काविळीचं निमित्त होऊन गेलीस तू. हे तुझं चुकलंच. एवढ्या तावातावानं भांडणारं माणूस भांडण अर्ध्यावर टाकून जात नसतं.

पण तू शिकवायचीस मात्र चांगली, पोरांना नाही, मास्तरांना. पोरांना शिकवणं सोपं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सगळ्यांना थांबवून घ्यायचीस. इस्माईलभाई शिपाई, तोही त्यात. गिरीला मध्ये बसवायचीस आणि प्रत्येकाच्या हातावर भाजके शेंगदाणे ठेवायचीस. "गिरीला काही विचारलं की एक दाणा तोंडात टाकायचा. तो बारीक चावून, गिळून होईपर्यंत बोलायचं नाही. तिला हात आणायला वेळ लागतो, आणि तुम्हाला दम निघत नाही."

गणिताचे निंबाळकर मास्तर म्हणाले, "आम्हाला काय माकडं समजलात का बाई?"

"छे हो मास्तर. माकडं चावताना गप्प तरी बसतात."

सगळे हसले, मास्तर पण. पण खरं सांगू, तोवर एकानंही तिचं उत्तर पुरतं येऊ दिलं नव्हतं. पाणी का? भूक का? बाहेर जायचंय का? प्रश्नावर प्रश्न, आणि गिरीची मूठ बिचारी प्रत्येक प्रश्नाला निम्म्या वाटेवरून परत. दाणे तोंडात पडल्यावर खोली गप्प झाली, आणि त्या शांततेत तिची मूठ पहिल्यांदा एका दमात मुक्कामाला पोचली.

आणखी एक खोड तू मोडलीस, "गाय दाखव, पाणी दाखव" म्हणायची. साहेब तपासणीला आले तेव्हाची गोष्ट. साहेब म्हणाले, "बाळ, यात आई कुठं आहे?" गिरीनं कंटाळ्यावर मूठ ठेवली. हेडमास्तर घामाघूम. तू साहेबांना म्हणालीस, "आई कुठंय ते तिला ठाऊक आहे आणि तुम्हालाही. तिला ठाऊक नसलेलं काहीतरी बोला." आणि मास्तरांनी बोलताना स्वतःही फडक्यावर बोट ठेवायचं, असा तुझा हुकूम होता. "आपण तिच्या बोलीत चार शब्द बोललो नाही तर ती कुणाकडून शिकणार?" इस्माईलभाई पाण्याच्या चित्रावर बोट ठेवून "पानी होना क्या बेटा?" म्हणायचा, आणि दाणा चावत उभा राहायचा, कळशी तशीच खांद्यावर.

निंबाळकर मास्तरांनी एकदा शिक्षा म्हणून फडकं काढून कपाटात ठेवलं होतं. गणिताच्या तासाला ती सारखी कंटाळा, कंटाळा करत होती म्हणून. तू त्यांच्या वर्गात जाऊन कपाट उघडलंस. "मास्तर, उद्या वर्गात बडबडणाऱ्या पोराची जीभ काढून कपाटात ठेवाल का?" त्या दिवसानंतर त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम शेंगदाणे. बायको ओरडते म्हणे, खिशाला तेल लागतं.

आणि ते मोकळं घर. फडक्याच्या खालच्या कोपऱ्यात एक घर तू तसंच ठेवलंस. चित्र नाही, काही नाही, नुसती चादर. शिवणाच्या बाई म्हणाल्या, जागा फुकट गेली, फूल तरी काढते. तू म्हणालीस, "हात लावू नका. ते सगळ्यात मोठं घर आहे. मला जे म्हणायचंय ते या फडक्यावर नाही, असं गिरीनं म्हणायचं घर." गिरीनं तिथं मूठ ठेवली की समोरच्यानं एकेक करत विचारायचं. माणूस का? घरचं का? शाळेतलं का? डोळे वर केले की हो, खाली केले की नाही. वेळ लागायचा. पण त्या मोकळ्या घरातून तिनं काय काय काढलं! मामाचा मोडनिंबचा बैल, मागाचा बंद पडलेला पट्टा, मला पडलेलं स्वप्न तिला ऐकायचंय म्हणून केलेला हट्ट. आपण सगळ्यांनी मिळून तिला दिलेले शब्द किती थोडे होते, ते त्या एका रिकाम्या घरानं कळलं.

आता ऐक, परवा काय झालं ते.

तू आजारी पडलीस तेव्हा फडकं शाळेतच राहिलं होतं. तुझे दिवस झाल्यावर मी गिरीला पाठीवर घेऊन शाळेत गेले. हापिसात सगळे जमले होते. भिंतीवर तुझा फोटो, त्याला हार. आणि फोटोच्या शेजारी, काचेच्या फ्रेमीत, आपलं फडकं. त्यालाही हार, तसाच. इस्माईलभाईनं काच इतकी घासली होती की त्यात त्याचंच तोंड दिसत होतं. हेडमास्तर म्हणाले, "आक्का, बाईंचं काम कायम डोळ्यांसमोर राहावं म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून केलं."

मी जवळ गेले. खालच्या कोपऱ्यात, त्या मोकळ्या घरात, शिवणाच्या बाईंनी लाल-हिरव्या रेशमानं भरलं होतं, 'कै. सुशीलाबाईंच्या स्मृतीस.' सुबक काम होतं गं, वाईट म्हणवत नाही. मायेनंच केलेलं. म्हणूनच मला घाम फुटला. रागानं केलं असतं तर भांडायला सोपं.

पाठीवर गिरी ओरडायला लागली. मान टाकून, हात झाडून. सगळ्यांच्या डोळ्यांना पदर आणि रुमाल. शिवणाच्या बाई म्हणाल्या, "बघा, मुकं लेकरू. बाईंची किती आठवण काढतंय."

मी म्हटलं, "अहो, ती रडत नाही. ती भांडतीय! तुम्ही तिचं तोंड भिंतीला टांगलंय."

हेडमास्तर हळूच म्हणाले, "आक्का, ही बाईंची शेवटची वस्तू आहे. तिच्याकडं दिली तर लाळ पडून खराब होईल. आम्ही तिला दुसरं नवं करून देऊ."

"नवं करा, आणि फ्रेमीत लावा. जुनं पोरीला द्या. लाळ पडायलाच केलंय ते."

"पण लोक काय म्हणतील? श्रद्धांजलीची वस्तू उतरवली म्हणून?"

"लोक म्हणू देत. लोकांना तोंड आहे. हिला काय आहे, सांगा की!"

तेव्हा इस्माईलभाईनं स्टूल आणलं. चढला, हार काढून तुझ्या फोटोला घातला आणि फ्रेम उतरवली. "बाईसाब होती तो हमकूच डांटती," असं पुटपुटला. मी टेबलाशी बसून उसवायला घेतलं. 'कै.' आधी काढलं. मग तुझं नाव, अक्षर अक्षर. तुझं नाव मी भिंतीवर लिहीन, फळ्यावर लिहीन, माझ्या दारावर लिहीन. वाचायला मी एकटीची एकटी शिकले, ते काय दुसऱ्यांची नावं पुसायला नाही. पण त्या एका घरात तुझंही नाव नको. ते घर तुझं नव्हतंच, हात लावू नका असं तूच म्हणायचीस.

फडकं गिरीच्या मांडीवर ठेवलं. तिची मूठ सुटली ती सरळ मोकळ्या घराकडं. पोचायच्या आतच सुरू झालं, पाणी का? बाईंची आठवण येते का? बाई पाहिजेत का? मी तोंड उघडणार, तेवढ्यात निंबाळकर मास्तरांनी खिशात हात घातला. प्रत्येकाच्या हातावर दाणे ठेवले. मलाही. सगळे चावायला लागले. पलीकडच्या गल्लीतले माग तेवढे ऐकू येत होते.

मूठ पडली मोकळ्या घरावर. दाणा गिळून मास्तरांनी विचारलं, "माणूस?" डोळे वर. "शाळेतलं?" डोळे वर. "सुशीलाबाई?" सगळे रुमाल पुन्हा तयार. गिरीनं डोळे खाली केले. नाही. मास्तर गोंधळले. एकेक नाव घेत गेले. "हेडसर?" डोळे वर, अगदी छतापर्यंत. आणि मूठ निघाली ती थेट वटारल्या डोळ्यांच्या काळ्या तोंडावर. जा मेल्या.

निंबाळकर मास्तरांना ठसका लागला. मी हसले नाही, शपथ. हेडमास्तरांचे कान लाल झाले. पण त्यांनी काय केलं माहीत आहे? खुर्ची ओढून गिरीच्या समोर बसले आणि लाल तळव्यावर, नको-वर, स्वतःचं बोट ठेवलं. "पुन्हा नाही नेणार," म्हणाले.

मग गिरीची मूठ परत हलली. चष्म्याच्या चित्रावर गेली. बाई. तिथून लई वेळानं 'कुठं'वर.

बाई कुठं?

शोकसभा झाली, हार झाले, फोटो झाला. सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती कधी विचारणार होती? विचारायचं भिंतीवर होतं ना.

मी बोलायला गेले. तोंडात दाणा होता तरी गेले, सवयच माझी. हेडमास्तरांनी माझ्याकडं न बघता हात वर केला. "आक्का, थांबा. मला विचारलंय."

आणि ते माणूस बोट घेऊन फडक्यावर शोधायला लागलं. घरावर नेलं, उचललं. दवाखान्यावर ठेवलं, मान हलवली, उचललं. शाळा, आई, पाणी, सगळीकडून फिरलं ते बोट. मग खालच्या कोपऱ्यात आलं. जिथं अजून तुझ्या नावाची सुईची भोकं दिसत होती त्या मोकळ्या घरावर त्यांनी बोट ठेवलं, आणि ठेवूनच राहिले. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पुसलंसुद्धा नाही.

गिरीनं त्यांच्याकडं बघितलं. घाई नाही केली. मग हळूहळू डोळे वर केले.

आता बोल सुशीला. कुणाला कळणार म्हणत होतीस?